फॅन ‘डायरेक्ट’ करू नका, रिले लावून स्विच द्या

मे महिना, दुपारचे दोन, खंबाटकी घाट. पुढे भरलेला ट्रेलर, मी पहिल्या गिअरमध्ये. टेम्परेचरचा काटा निम्म्यावरून वर सरकायला लागला होता आणि बॉनेटखालून रेडिएटरच्या फॅनचा जो घोंघों आवाज यायला हवा तो काही येत नव्हता. गाडी कडेला घेतली, थंड होऊ दिली, थांबत थांबत कसाबसा घाट पार केला. खाली भेटलेल्या मिस्त्रीने फॅनचा कनेक्टर उपसला, दोन वायरी सरळ बॅटरीला लावल्या आणि म्हणाला, “दादा, फॅन डायरेक्ट करून दिलाय. आता साताऱ्यापर्यंत बघायला नको.”

बघावं लागलं नाही हे खरं. फक्त चहाला थांबलं की बॉनेट उघडून वायर काढायची, निघताना परत लावायची. घरी आल्यावर मी स्वतःच शहाणपणा केला. बॅटरीपासून एक वायर डॅशबोर्डवरच्या साध्या स्विचला आणि तिथून फॅनला. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, फ्यूज नाही. तिसऱ्या दिवशी ट्रॅफिकमध्ये जळका वास आला. स्विचची खिटी मेणासारखी खाली बसली होती. मागची पिन गरम आहे का म्हणून बोट लावलं, तर फोड आला. पुढचं सगळं त्या फोडानंतर शिकलेलं आहे.

स्विच नक्की कशासाठी

अॅम्बॅसिडर, पद्मिनी या गाड्यांत फॅन इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन चालू म्हणजे फॅन चालू. 1983 साली मारुती 800 आली तिच्यात इंजिन आडवं बसवलेलं, पुली बाजूला तोंड करून. रेडिएटर समोर. तिथे पट्ट्याने फॅन फिरवणं जमत नाही म्हणून विजेची मोटर आली. ही मोटर कधी फिरवायची हे जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत थर्मोस्विच (तापमान वाढलं की आपोआप लागणारा स्विच) ठरवतो, इंजेक्शनच्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) साधारण 90 ते 100 अंशांच्या दरम्यान पोचलं की फॅन लागतो, काही अंश उतरलं की बंद होतो. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा.

थर्मोस्विच मेला, त्याची वायर गंजली किंवा रिले अडकला की गाडी तापते. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना समोरचा वाराच पुरतो, म्हणून बिघाड कळत नाही. कळतो तो घाटात नाहीतर टोलच्या रांगेत. हाताचा स्विच असला की तेवढी वेळ निभावते. शिवाय घाट चढण्याआधीच फॅन लावून ठेवता येतो.

दोन गोष्टी आधीच पक्क्या करा. एक, हा स्विच फॅन फक्त *चालू* करू शकेल असा लावायचा. गाडीची मूळ ऑटोमॅटिक व्यवस्था जशीच्या तशी राहते, आपला स्विच तिच्या जोडीला. मूळ वायर तोडून मध्ये स्विच घातला, तर एक दिवस तुम्ही तो चालू करायला विसरणार आणि हेड गॅस्केट उडवून बसणार. दोन, फॅनचा करंट डॅशबोर्डपर्यंत आणायचाच नाही. स्विचने रिलेला हुकूम द्यायचा, वजन रिलेने उचलायचं.

कोणी या फंदात पडू नये

गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका. फॅनच्या कनेक्टरला दोनपेक्षा जास्त वायरी असतील तर तो फॅन दोन स्पीडचा असू शकतो किंवा ईसीयूकडून कमीजास्त वेगाने फिरणारा असू शकतो. त्याला खालची जोडणी लागू नाही. अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. हा लेख दोन वायरींच्या साध्या फॅनसाठी आहे.

सामान

चार पिनांचा 12 व्होल्ट, 30 अँपिअरचा रिले आणि त्याचा बेस. बेस घ्याच, नाहीतर पिनांवर सुट्या वायरी खोचाव्या लागतात आणि खड्ड्यात त्या निसटतात. इनलाइन फ्यूज होल्डर दोन: एक जाड वायरीचा, एक बारीक. फॅनसाठी 2.5 चौरस मिलिमीटरची ऑटो वायर, स्विचसाठी 0.75 ची. डॅशबोर्डचा दिवावाला रॉकर स्विच. थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), हीट श्रिंक (गरम केली की सांध्यावर आवळणारी नळी), रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवायची कडी), केबल टाय, वायरीवर चढवायची नालीदार स्लीव्ह. हत्यारांत दहा नंबरचा पाना, क्रिम्पिंगची पक्कड, मल्टीमीटर आणि एक टेस्ट लॅम्प.

घरातली उरलेली लाइट फिटिंगची वायर वापरायचा मोह होतो. नको. बॉनेटखालच्या उष्णतेत आणि तेलात तिचं आवरण कडक होतं, तडकतं. जाडीबद्दल एक हिशोब सांगतो. एका चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर बॅटरीपासून डॅशबोर्ड आणि तिथून परत फॅन अशी सहा मीटर फिरवली, तर तिचा रोध 0.1 ओहमच्या आसपास होतो. फॅनने 8 अँपिअर ओढले की 0.8 व्होल्ट वाटेतच खर्च. फॅन मंद फिरतो, वायर तापते. सुरू होताना मोटर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट करंट ओढते ते वेगळंच. माझा स्विच त्यानेच वितळला. रिलेच्या कॉइलला मात्र 0.15 ते 0.2 अँपिअर पुरतो. म्हणून तिकडची वायर बारीक चालते.

फ्यूज किती अँपिअरचा? तुमच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर रेडिएटर फॅनसमोर जो आकडा आहे तोच. तो 20 पर्यंत असेल तर 2.5 ची वायर ठीक आहे. 30 असेल तर 4 चौरस मिलिमीटरची वायर घ्या. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, मोटरला नाही. हे उलटं धरल्यामुळे लोक फ्यूज उडाला की मोठा घालतात.

रिलेशी ओळख

रिले उलटा करा. पिनांजवळ आकडे कोरलेले असतात: 30, 87, 85, 86. 85 आणि 86 ही आतल्या कॉइलची दोन टोकं. तिच्यात करंट गेला की लोहचुंबक होतो आणि 30 व 87 आतून एकमेकांना चिकटतात. करंट थांबला की सुटतात. बस्स, एवढंच यंत्र आहे.

गाडीत बसवण्याआधी टेबलावर खेळून बघा. 86 ला बॅटरीचा प्लस, 85 ला मायनस. ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो आणि बोटांना हलका झटका जाणवतो. 86 लाच प्लस द्यायची सवय ठेवा, कारण काही रिलेंमध्ये कॉइलला डायोड लावलेला असतो. तिथे उलटं जोडलं तर शॉर्ट होतो.

दुकानदार पाच पिनांचा रिले हातात ठेवेल तर तोही चालतो, पण मधल्या 87ए पिनेला काही लावू नका. रिले बंद असताना ती पिन 30 शी जोडलेली असते. चुकून फॅन तिथे लागला तर स्विच बंद केल्यावर फॅन चालू, आणि तुम्ही डोकं धरून बसाल.

आधी फॅनची तब्येत

इंजिन पूर्ण थंड असताना काम करा. काही गाड्यांत चावी काढलेली असली तरी फॅन अचानक फिरू शकतो, तेव्हा बोटं पात्यांपासून लांब. मफलर, ओढणी, सैल बाही काहीही नको.

फॅनचा कनेक्टर काढा. मोटरच्या दोन पिनांना फ्यूज लावलेल्या वायरीने बॅटरी द्या. फॅन जोमात फिरायला हवा. कुरकुरत, अडखळत फिरला तर ब्रश किंवा बुश गेलेत, आधी मोटर दुरुस्त करा. फिरताना हवेची दिशाही बघा: ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा कागद धरला तर तो ग्रिलला चिकटला पाहिजे. कागद तुमच्याकडे उडाला तर प्लस-मायनस उलटे लागलेत. कोणत्या वायरीला प्लस दिल्यावर हवा आत ओढली गेली ते लिहून ठेवा.

मोटर ठणठणीत, तरी फॅन आपोआप लागत नाही? मग थर्मोस्विचचा कनेक्टर काढून त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडा, एकच वायर असेल तर ती बॉडीला (गाडीच्या पत्र्याला, जो बॅटरीच्या मायनसला जोडलेला असतो) टेकवा, आणि चावी चालू करा. फॅन लागला तर थर्मोस्विच गेलाय. तो बदला. हे फक्त कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांसाठी. इंजेक्शनच्या गाडीत रेडिएटरपाशी किंवा इंजिनवर दिसणारा तो सेन्सर असतो, स्विच नव्हे, त्याच्या वायरी अशा जोडायच्या नाहीत. मूळ दोष तसाच ठेवून हाताच्या स्विचवर वर्ष काढणारे लोक मी पाहिलेत. ते बरोबर नाही.

गाडी प्लस तोडते की मायनस?

फॅन बंद ठेवायला गाडी त्याची प्लस वायर तोडते की मायनस, यावर पुढची जोडणी ठरते. नवशिके इथेच अडकतात, म्हणून थोडं सावकाश.

फॅनचा कनेक्टर काढलेलाच ठेवा. इंजिन थंड, चावी चालू, एसी बंद. मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर लावा, काळं टोक बॅटरीच्या मायनसला, लाल टोक कनेक्टरच्या गाडीकडच्या बाजूच्या एकेका पिनेला.

एका पिनेवर 12 व्होल्ट दिसले, तर प्लस तिथे आधीच हजर आहे आणि गाडी मायनस तोडून फॅन बंद ठेवते आहे.

दोन्हींवर काहीच दिसलं नाही, तर गाडी प्लस तोडते. खात्रीसाठी चावी बंद करून मीटर ओहमवर न्या आणि एक पिन बॉडीला कायम जोडलेली आहे का ते तपासा. ती मायनस, उरलेली प्लस.

वायरींच्या रंगावर विसंबू नका. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत कोणीतरी आधी हात घातलेला असतोच आणि त्याने हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडलेली असते.

जोडणी

पहिलं काम: बॅटरीचा मायनस काढा आणि कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. काम संपेपर्यंत लावायचा नाही.

रिले बसवायला जागा शोधा. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब, पाण्याचा मारा येणार नाही अशी, शक्यतो बॅटरीजवळ. पिना खालच्या दिशेला ठेवा, म्हणजे पावसाळ्यात बेसमध्ये पाणी साचत नाही. स्क्रू मारण्याआधी पत्र्यामागे काय आहे ते वाकून बघा.

गाडी प्लस तोडणारी असेल तर: बॅटरीच्या प्लसपासून जाड वायर, तिच्यावर बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज, आणि पुढे रिलेची 30. फ्यूज लांब ठेवला तर त्याच्या आधीचा वायरीचा तुकडा उघड्यावर राहतो. तो बॉडीला घासला तर आग लागायला तेवढा तुकडा पुरतो. 87 पासून जाड वायर निघेल ती फॅनच्या प्लस वायरीला समांतर जोडा. मूळ वायर तोडायची नाही, तिच्यावरच फांदी काढायची.

गाडी मायनस तोडणारी असेल तर बॅटरीपासून नवी वायर लागतच नाही. प्लस आधीच फ्यूजमधून आलेला आहे. 30 ला फॅनची मायनस वायर समांतर जोडा आणि 87 पासून जाड वायर बॉडीला. या गाडीत चुकून पहिली जोडणी केली तर फॅन हाताने कधीच लागणार नाही. प्लसवर प्लस दिल्याने काय होणार!

कॉइलकडचं दोन्हींत सारखंच. 85 बॉडीला. 86 ला डॅशबोर्डच्या स्विचकडून येणारी बारीक वायर.

बॉडी अर्थ घेताना, म्हणजे वायर पत्र्याला जोडताना, रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, थिंबल लावून बोल्ट आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. ‘रिले खराब निघाला’ म्हणून आणलेल्या कित्येक गाड्यांत रंगावरच घट्ट केलेला अर्थ सापडतो.

आता स्विच. त्याला वीज अशा ठिकाणाहून घ्या जी चावी बंद केली की जाते. वायपरचा किंवा रेडिओचा फ्यूज टेस्ट लॅम्पने तपासा: चावी चालू, दिवा लागला; चावी काढली, दिवा गेला. तिथून 3 अँपिअरच्या फ्यूजमधून स्विच. बॅटरीवरून थेट घेऊ नका. रात्री स्विच राहिला तर सकाळी धक्का मारायला शेजारी शोधावे लागतील. दिवावाल्या रॉकरला तीन पिना असतात: एकीला येणारी वीज, दुसरीवरून 86 कडे जाणारी वायर, तिसरी बॉडीला. तिसरी बहुधा वेगळ्या, पितळी रंगाची असते, ती फक्त आतल्या दिव्यासाठी. दिव्याचा स्विचच घ्या, अंधारात फॅन चालू राहिलाय हे डोळ्यांना दिसतं.

वायर इंजिनकडून आत नेताना फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आधीच असलेल्या भोकातून न्या आणि ग्रोमेट विसरू नका. पत्र्याची कड महिन्याभरात आवरण कापते. आत आल्यावर वायर स्टीअरिंगच्या दांड्याला, क्लच-ब्रेकच्या पेडलला लागत नाही ना, पेडल दाबून बघा.

सांधे पिळून चिकटपट्टी गुंडाळू नका. बॉनेटखाली पट्टीचा गोंद पातळ होतो, ती सुटून लोंबते आणि आतलं तांबं हिरवं पडतं. क्रिम्प करा, वर हीट श्रिंक चढवा. क्रिम्प केलेली वायर जोरात ओढून बघा. सुटली तर आत्ताच सुटलेली बरी.

इंजेक्शनच्या गाडीत एक मोह आवरा. ईसीयूकडून मूळ रिलेच्या कॉइलला येणारी वायर असते. तिला टॅप करून काम दोन मिनिटांत होतं असं कोणी सांगेल. तिथे चुकून प्लस लागला तर ईसीयू जाऊ शकतो. आपला रिले स्वतंत्र, ईसीयू त्याच्या जागी सुखात.

चाचणी

बॅटरीचा मायनस लावा. ठिणगी मोठी उडाली तर लगेच काढा, कुठेतरी शॉर्ट आहे. सगळं शांत असेल तर चावी चालू, इंजिन बंद, स्विच दाबा. आधी टक्, मग फॅनची घरघर. कागदाची परीक्षा पुन्हा एकदा.

टक् आवाज येतो पण फॅन नाही, तर दोष जाड बाजूला: फ्यूज, 30, 87 किंवा फॅनचा सांधा. टक् आवाजच नाही, तर बारीक बाजू: स्विचची वीज, 86, किंवा 85 चा अर्थ.

फॅन फिरत असताना बॅटरीवर व्होल्टेज मोजा, मग फॅनच्या कनेक्टरवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर एखादा सांधा कच्चा आहे. दहा मिनिटांनी फ्यूज होल्डर आणि वायर चाचपून बघा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर तो होल्डर बदला. स्वस्त होल्डरच्या आतल्या पट्ट्या ढिल्या असतात.

शेवटची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची आणि तीच लोक टाळतात. स्विच *बंद* ठेवा, गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा आणि काट्यावर नजर ठेवून थांबा. फॅन आपोआप लागला पाहिजे आणि आपोआप बंद झाला पाहिजे. दोनदा होऊ द्या.

वापरताना

घाटाच्या पायथ्याशी लावा, माथ्यावर बंद करा. गावात, रांगेत, लग्नाच्या वरातीमागे लावा. सतत चालू ठेवून इंजिन फार थंड पडेल अशी भीती नको, ते थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) सांभाळतो. पण ब्रश विनाकारण झिजतात आणि अल्टरनेटरवर शंभरेक वॅटचा भार राहतो.

साचलेल्या पाण्यातून जायचं असेल तर स्विच बंद, एसीही बंद. पावसाळ्यात मुंबईत बंपरपर्यंत पाणी चढतं तेव्हा फिरती पाती पाण्यात आपटून वाकतात आणि रेडिएटरलाच भोक पाडतात.

काटा लाल पट्टीत गेला तर स्विच जादू करणार नाही. गाडी बाजूला घ्या, एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर. काटा मिनिटभरात उतरला नाही किंवा वाफ दिसली तर इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाबामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, झाकण सैल केलं की ते एकदम अंगावर येतं. अर्धा तास थांबा. आणि फॅन फिरत असूनही गाडी तापत असेल तर शोध दुसरीकडे घ्या: कूलंट कमी, थर्मोस्टॅट अडकलेला, वॉटर पंप, नाहीतर वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतून क्षारांनी चोंदलेला रेडिएटर.

काम झालं की एका कागदावर जोडणी काढा: कुठल्या पिनेला कुठल्या रंगाची वायर, फ्यूज कुठे आणि किती अँपिअरचा, स्विचची वीज कुठून घेतली. घडी घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका. पुढच्या वायरमनने न बघता वायर कापू नये एवढ्यासाठी रिलेच्या बेसलाही ‘फॅन, हाताचा स्विच’ अशी चिठ्ठी बांधून ठेवा.